शाहूपुरीचा बटमोगरा आणि कळंब्याकडची रोपवाटिका : चार उन्हाळ्यांचा अनुभव

या रोपवाटिकेला मी पाचपैकी चार तारे देत आहे आणि पाचवा का राखून ठेवला, तेही खाली सविस्तर लिहिले आहे. गुलाब, जास्वंद, शोभेची पाने या बाबतीत ती कोल्हापुरातील इतर चांगल्या रोपवाटिकांसारखीच आहे. मोगरा, जाई, जुई आणि कुंद यांच्या बाबतीत मात्र येथे झाडाचे नाव खरे सांगितले जाते. ज्याला विशिष्ट जातीचा मोगरा हवा आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट भाव, कुंडी, घरपोच सेवा या सगळ्यांहून मोठी आहे, असे माझे मत चार उन्हाळ्यांनंतर पक्के झाले आहे.

मी येथवर का आले, हे सांगितल्याशिवाय त्या मताला अर्थ राहणार नाही. माझे माहेर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ आहे. तेथे परसात आईने लग्नानंतर लावलेला बटमोगरा, म्हणजे गोल, घट्ट कळीचा मोगरा होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो बुडाला आणि तरीही वाचला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा घरात शिरले आणि ओसरताना खोडाभोवती वीतभर गाळ बसवून गेले. आम्ही सगळे घर धुण्यात, भिजलेली भांडी-पुस्तके वाळवण्यात गुंतलो होतो, त्यामुळे परसाकडे पाहायला दहा दिवसांनी सवड मिळाली, आणि तोवर बुंध्याची साल बोट लावले तरी सुटून येत होती. मोगऱ्याला पाणी आवडते, पण त्याच्या मुळांना हवाही लागते. चिकट गाळाखाली ती कोंडली गेली आणि कुजली. त्या दिवशी एखादी फांदी छाटकलमासाठी घ्यावी म्हणून सुरीने टोके खरवडून पाहिली, तर एकाही फांदीत हिरवी साल उरलेली नव्हती. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, मात्र पुढच्या उन्हाळ्यात अंबाबाईला पाठवायचा शुक्रवारचा गजरा तिला विकत आणावा लागणार, हे मला सारखे टोचत होते.

तोच मोगरा परत मिळवायचा, असे मी ठरवले. पहिले रोप रस्त्याकडेच्या हातगाडीवरून ‘बटमोगरा’ म्हणून घेतले; त्याला एकेरी फुले आली, सुवासिक होती, पण ती आमची नव्हती. दुसरे रोप ऑनलाइन मागवले. त्याला भोवऱ्यासारख्या वळलेल्या पाकळ्यांचे पांढरे फूल आले, तेव्हा ती तगर असल्याचे लक्षात आले. खरे तर ते पहिल्याच दिवशी ओळखता आले असते, कारण तगरीचे पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो आणि मोगऱ्याला चीक नसतो. दोन्ही विक्रेत्यांची नावे लिहिण्याची गरज मला वाटत नाही. पण रोप घेताना एक पान तोडून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, इतके मात्र आग्रहाने सांगते.

डिसेंबर २०२१ मध्ये मी पहिल्यांदा या रोपवाटिकेत आले. बटमोगरा आहे का, असे विचारल्यावर मालकांनी रोप पुढे करण्याऐवजी मलाच प्रश्न विचारले. कळी गोल होती की लांबट? एका पेरावर पाने दोन होती की तीन? झाड झुडपासारखे बसके होते की लांब फांद्या फेकणारे? मला यांपैकी एकाचेही उत्तर खात्रीने देता आले नाही, याचे आजही वाईट वाटते, कारण त्या झाडाखाली माझे बालपण गेले आहे. तेथूनच आईला फोन लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की कळी हरभऱ्यासारखी गोल आणि घट्ट, पाने तीन-तीन, झाड बसके आणि वाढ सावकाश. मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, “वहिनी, माझ्याकडं तसली दोन-चार रोपं असतील, पण आत्ता कळी न्हाई. फूल बघितल्याशिवाय मी नाव सांगणार न्हाई. एप्रिलला या, कळी बघा आणि मग न्या.” हातात आलेले गिऱ्हाईक चार महिन्यांसाठी परत पाठवणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता. मी त्या दिवशी जुईचे एक रोप घेऊन परतले आणि एप्रिलमध्ये पुन्हा गेले. वाफ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या चार रोपांपैकी दोघांच्या शेंड्यांवर गोल, हिरवट पांढऱ्या कळ्या होत्या. त्यांपैकी एक आईला नेऊन दाखवली. तिने कळी अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबून पाहिली आणि “हाच” म्हणाली.

नावांचा हा गोंधळ कोणा एका दुकानदाराच्या अप्रामाणिकपणाने होतो, असे मला वाटत नाही. महाराष्ट्रातील अनेक रोपवाटिकांमध्ये रोपे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात आणि त्यांच्या चिठ्ठीवर सरसकट ‘अरेबियन जस्मिन’ एवढेच छापलेले असते. शास्त्रीय नाव जॅस्मिनम संबॅक. नावावर अरबस्तानचा शिक्का बसला असला तरी ही वनस्पती आपल्याच भागातील आहे. या एका नावाखाली एकेरी मोगरा, बटमोगरा, टोकदार लांब कळीचा मदनबाण असे सगळेच येतात. त्यात भर म्हणजे इंग्रजीत रातराणीलाही जस्मिन म्हणतात, कुंतीलाही आणि तगरीलाही, आणि यांपैकी एकही मोगऱ्याच्या कुळातील नाही. आपला पारिजातक मात्र त्या कुळातला आहे, हे मला येथेच प्रथम कळले. जाई आणि चमेली ही नावे तर बाजारात एकमेकींच्या जागी सर्रास वापरली जातात.

येथील एक मावशी, ज्या वर्षानुवर्षे कलमे भरण्याचे काम करतात, त्यांनी मला ही झाडे फुलांशिवाय, नुसत्या पानांवरून ओळखायला शिकवले. मोगऱ्याचे प्रत्येक पान साधे, एकाच पात्याचे असते. जाईचे पान कडुलिंबासारखे अनेक पानांचे मिळून झालेले असते आणि तिच्या कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. जुईच्या मोठ्या पानाच्या देठाशी दोन बाजूंना दोन इवलीशी पाने असतात, अगदी कानांसारखी. कुंदाच्या पानावर आणि कोवळ्या फांदीवर बोट फिरवले की मऊ लव जाणवते. हे सांगताना मावशींनी चारही पाने माझ्या तळहातावर ओळीने ठेवली होती. ग्राहकाला एवढा वेळ देणे आणि तेही साठ रुपयांच्या रोपासाठी, ही माझ्या दृष्टीने या ठिकाणची सर्वांत मोठी सेवा आहे.

प्रामाणिकपणाची आणखी दोन उदाहरणे नोंदवते. येथे तमिळनाडूकडून आणलेला एक टपोऱ्या कळीचा मोगरा आहे. एका गृहस्थांनी तो ‘मदुराईचा मोगरा’ म्हणून मागितला, तेव्हा मालकांनी त्यांना समजावले की मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते त्या भागात पिकलेल्या फुलाचे आहे. कळंब्यात वाढलेल्या रोपाला ते नाव लावून विकणे बरोबर होणार नाही. दुसरा प्रसंग माझाच. राधानगरी आणि गगनबावड्याच्या रानात उन्हाळ्यात कुसर या रानजाईचे पांढरे झुबके दिसतात. ते रोप मिळेल का, असे मी विचारले. रानातून उपटून आणलेले रोप आम्ही ठेवत नाही, असे सरळ उत्तर मिळाले आणि पुन्हा त्या विषयावर बोलणे झाले नाही.

आता तक्रारी. पहिली तक्रार मातीची आहे. बाहेरून आलेल्या रोपांची मुळे चिकणमातीच्या गोळ्यात असतात आणि येथेही ती तशीच, त्याच गोळ्यासह विकली जातात. हा गोळा कुंडीत तसाच ठेवला तर वाळल्यावर विटेसारखा कडक होतो; पाणी त्याच्या कडेने खाली उतरते आणि मधली मुळे कोरडी राहतात. मी घेतलेल्या मदनबाणाच्या बाबतीत हेच झाले. रोज पाणी घालूनही पाने मलूल होती. शेवटी पिशवी कापून गोळा बादलीभर पाण्यात तासभर बुडवला आणि बोटांनी माती सोडवत गेले, तेव्हा आत मुळ्या तळाशी वर्तुळाकार गुंडाळलेल्या दिसल्या आणि गोळ्याचा गाभा पूर्ण कोरडा होता. स्थानिक छाटकलमांपासून येथेच तयार केलेल्या रोपांना हा त्रास नाही, म्हणून मी आता तीच मागते. रोप विकताना ‘गोळा फोडून लावा’ एवढे एक वाक्य सांगितले तरी कितीतरी झाडे वाचतील, हे मी मालकांना दोनदा बोलून दाखवले आहे.

येथे तयार मिळणाऱ्या कुंडीच्या मिश्रणाबद्दलही थोडे लिहिते. त्यात शेणखताबरोबर साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा चोथा असतो. आपल्या जिल्ह्यात प्रेसमड सहज मिळते आणि पूर्ण कुजलेले असेल तर उत्तम खत आहे. परंतु २०२३ मध्ये मला मिळालेले पोते अर्धवट कुजलेले होते. हात घातला तर आत ऊब जाणवत होती. तसे मिश्रण मुळांपाशी गेले तर मुळे भाजतात. मी ते तीन महिने गच्चीवर झाकून ठेवले आणि मगच वापरले. तेव्हापासून पोते घेताना आधी त्यात हात घालून पाहते. माझे स्वतःचे प्रमाण दोन भाग पन्हाळ्याकडची तांबडी माती, एक भाग जुने शेणखत, एक भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असे आहे. नदीकाठची काळी माती कुंडीत वापरू नये, ती पाणी धरून ठेवते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि पाचवा तारा तिच्यामुळे गेला. रोपवाटिका घरी माळी पाठवण्याची सेवा देते. एका खेपेचे तीनशे रुपये घेतात. मोगऱ्याचे सारे गणित छाटणीवर आहे, कारण कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर आणि तिच्या बेचक्यांत. म्हणून डिसेंबरच्या अखेरीस पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पाने गळू लागली की जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करायची, माती उकरून दोन-चार दिवस उघडी ठेवायची, शेणखत भरायचे आणि मग भरपूर पाणी द्यायचे. डाळिंबाचा बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला हे नवे नाही. मार्चच्या मध्यापासून कळ्या दिसू लागतात. २०२३ मध्ये मी आजारी असल्याने जानेवारीत माळी मागवला होता. तो आला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि मी खोलीत असताना त्याने नव्या फुटीने भरलेला बटमोगरा गुडघ्याएवढा छाटून टाकला. मी बाहेर आले तेव्हा कोवळ्या तांबूस हिरव्या शेंड्यांचा ढीग फरशीवर पडला होता, आणि काहींच्या टोकाला बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या. त्या वर्षी पहिले फूल एप्रिलच्या अखेरीस आले, आणि मेमध्ये भर आला तोच वळीव सुरू झाला. वळवाच्या माऱ्याने उमललेल्या पाकळ्या तपकिरी पडतात, त्यामुळे त्या हंगामात आईचे तीन शुक्रवारच साधले. मालकांनी चूक मान्य केली, पैसे परत दिले आणि स्वतः येऊन झाड पाहिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. परंतु मोगरा विकणाऱ्याने पाठवलेल्या माणसाला मोगऱ्याची छाटणी कधी करायची हे ठाऊक असलेच पाहिजे.

सल्ल्याच्या बाबतीत मात्र हे ठिकाण अव्वल आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या झाडावरील कळ्या जांभळट गुलाबी होऊन फुगू लागल्या आणि न उमलताच गळू लागल्या. उन्हाने होत असेल असे मला वाटले. मी पाच-सहा कळ्या डबीत घालून घेऊन गेले. मालकांनी एक कळी नखाने बुडाशी चिरली आणि आत हलणाऱ्या बारीक पांढुरक्या अळ्या दाखवल्या. ही कळीमाशी. तिची अळी कळीच्या बुडाशी वाढते आणि कोषात जाण्यासाठी खाली मातीत उतरते, म्हणून नुसती फवारणी करून भागत नाही. गळालेली प्रत्येक कळी उचलून नष्ट करायची, झाडावरच्या रंग बदललेल्या कळ्या खुडायच्या आणि वरची माती दर आठवड्याला हलवून उन्हात तापू द्यायची. जोडीला एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी, संध्याकाळी फवारायचे. महागडे औषध त्यांच्याच कपाटात होते, तरी त्यांनी ते दिले नाही. महिनाभरात कळ्या पुन्हा पांढऱ्या दिसू लागल्या.

पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तेव्हाही असाच अनुभव आला. आमच्याकडे झाडांना बोअरचे पाणी जाते, ते जड आहे. अशा पाण्याने आणि चुनखडीच्या मातीने झाडाला लोह घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पानांवर फवारायला सांगितले आणि नवी पाने हिरवी आली.

एक गोष्ट ते प्रत्येक ग्राहकाला विचारतात आणि ती मला फार महत्त्वाची वाटते : ऊन किती तास येते? पाच-सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर ते मोगरा देत नाहीत. गाळ्यांच्या इमारतीतील उत्तरेकडच्या बाल्कनीसाठी आलेल्या एका मुलीला त्यांनी सरळ नाही म्हटलेले मी ऐकले आहे. सावलीत मोगरा जगतो, पाने धरतो, वेलीसारख्या लांब फांद्याही टाकतो, पण फुलत नाही, आणि मग माणसे खतावर खत घालत बसतात. युरियासारखे खत जास्त झाले तर पानेच वाढतात.

आता माझ्याकडे गच्चीवर चौदा इंची कुंडीत बटमोगरा, शेजारी मदनबाण, आणि कठड्यावर चढवलेली जुई आहे. एप्रिल-मेमध्ये बटमोगऱ्याच्या पंधरा-वीस कळ्या रोज मिळतात, मदनबाणाच्या त्याहून जास्त. गजऱ्यासाठी कळी पूर्ण वाढलेली, पांढरीशुभ्र पण मिटलेली हवी. मी दुपारी चारच्या सुमारास खुडते आणि ओल्या पंचात गुंडाळते. आई केळीच्या सोपटाचा धागा भिजवून घेते, कारण सुती दोऱ्याने देठ कापला जातो, असे तिचे म्हणणे आहे. दिवेलागणीला गजऱ्यातल्या कळ्या एकेक करून उमलू लागतात. मोगरा खुडल्यानंतरही उमलतो आणि सुवास सोडत राहतो, म्हणूनच गजऱ्याला त्याच्या तोडीचे फूल नाही. जाई त्या मानाने लवकर कोमेजते. उरलेली दोन फुले रात्री माठात टाकतो.

नव्याने जाणाऱ्यांसाठी भाव सांगते. येथे कलमापासून तयार केलेले मोगऱ्याचे लहान रोप साठ रुपये, कळ्या धरलेले मोठे रोप दीडशे ते अडीचशे, जुई आणि जाई सत्तर ते शंभर, कुंद ऐंशी. बटमोगरा हळू वाढतो म्हणून तो थोडा महाग आहे आणि नेहमी शिल्लक असेलच असे नाही. एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या आत जावे. त्या वेळी कळ्या पाहता येतात आणि मावशी मोकळ्या असतात. फुलांनी लगडलेले रोप निवडू नये, खालपासून फुटवे असलेले निवडावे. कुंदाचे रोप हिवाळ्याच्या तोंडावर घ्यावे, तो थंडीत फुलतो. घरपोच माळी मागवायचा असेल तर तारीख आपण ठरवावी आणि छाटणीच्या वेळी शेजारी उभे राहावे.

मालकांना दोन विनंत्या आहेत. स्थानिक कलमांची आणि बाहेरून आलेल्या रोपांची मांडणी वेगळी करावी. आणि मावशी जे तोंडी सांगतात, ते म्हणजे जातीचे नाव, कळीचा आकार आणि छाटणीचा महिना, एवढे प्रत्येक रोपाच्या पट्टीवर मराठीत लिहावे. यंदा जूनमध्ये मी बटमोगऱ्याच्या खालच्या दोन फांद्यांना दाबकलम केले होते, म्हणजे त्या झाडावरच असताना मातीत दाबून मुळे फुटू दिली होती. त्यांतील एक शाहूपुरीच्या घरी, या खेपेस परसात न लावता पहिल्या मजल्याच्या गच्चीवर ठेवले आहे. दुसरे मालकांनी मातृवृक्ष म्हणून, म्हणजे पुढची कलमे घेण्यासाठी मागितले आणि मी ते त्यांना दिले.